प्रत, पाठ आणि प्रमाण : सूक्ष्मदर्शकीय फिल्मच्या अंकीकरणाची चिकित्सा

१

मराठीत 'प्रत' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. मूळ लेखावरून दुसरा लेख उतरून घेतला, की त्यास त्याची प्रत म्हणतात. आणि एखादी वस्तू किती चांगली वा वाईट हे सांगावयाचे असले, की ती अमुक प्रतीची आहे असे म्हणतात. नित्याच्या व्यवहारात हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर राहतात व त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु विज्ञानाच्या प्रयोगशाळांतून साठलेल्या जुन्या फिल्मचे स्कॅनरच्या साहाय्याने अंकीकरण करण्याचा जो उद्योग गेली दोनतीन दशके चालू आहे, त्यात पहिल्या अर्थाची प्रत काढताना दुसऱ्या अर्थाचा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. फिल्म काचेवर ठेवली, कळ दाबली, फाइल तयार झाली, म्हणजे फिल्म 'उतरली' असे समजले जाते. काही ठिकाणी तर यापुढचे पाऊल टाकून मूळ फिल्मची आता गरज उरली नाही, असाही निर्णय घेतला जातो.

हा विषय यंत्रज्ञांचा आहे, त्याच्याशी भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाचा संबंध काय, असा आक्षेप सहज येण्यासारखा आहे. परंतु मूळ साधन, त्यावरून निघालेली प्रत आणि त्या प्रतीवरून केलेले वाचन या तिहींचा परस्परसंबंध हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न होय. तो येथे नव्या वेषात उभा आहे. स्कॅनरने काढलेली प्रतिमा ही मूळ फिल्मची केवळ नक्कल नसून तिचे एक वाचन असते, आणि ज्या वाचनाचे नियम नोंदलेले नाहीत ते प्रमाण मानता येत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

२

प्रथम मूळ साधनाचे स्वरूप पाहिले पाहिजे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रतिमा टिपण्यासाठी आरंभी काचेच्या पट्ट्या आणि पुढे पॉलिएस्टरच्या पायावरील सुट्या फिल्म वापरल्या जात. सव्वातीन इंच बाय चार इंच हे या फिल्मचे एक सर्वपरिचित माप. फिल्मवरील थरात चांदीच्या संयुगाचे सूक्ष्म कण असतात. इलेक्ट्रॉनांचा आघात झालेले कण रासायनिक प्रक्रियेनंतर काळी चांदी बनून राहतात. जेथे आघात अधिक तेथे काळेपणा अधिक. हा काळेपणा 'घनता' या मापाने मोजतात. फिल्मवर पडलेल्या प्रकाशापैकी दहावा हिस्सा पार गेला तर घनता १, शंभरावा हिस्सा गेला तर २, हजारावा हिस्सा गेला तर ३.

येथे एक विशेष लक्षात घ्यावयास हवा. प्रकाशाने घेतलेल्या छायाचित्रात प्रकाशाचे प्रमाण आणि फिल्मची घनता यांचा संबंध सरळ नसतो. हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० साली दाखविलेली त्याची वक्ररेषा प्रसिद्ध आहे. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत मात्र घनतेच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यापर्यंत हा संबंध जवळजवळ सरळ प्रमाणाचा असतो. म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची फिल्म हे चित्र तर आहेच, शिवाय ते मोजमापाचे कोष्टकही आहे. तिच्या प्रत्येक बिंदूवरचा काळेपणा हा तेथे किती इलेक्ट्रॉन पोहोचले याचा आकडा होय.

या गोष्टीवर एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. डेव्हिड डीरोझिए आणि ॲरन क्लुग यांनी १९६८ साली जिवाणुभक्षक टी४ विषाणूच्या शेपटीची त्रिमितीय रचना सपाट सूक्ष्मचित्रांवरून गणिताने सिद्ध केली. ती फिल्मवरील घनता मोजूनच. १९७५ साली रिचर्ड हेंडरसन व नायजेल अन्विन यांनी जांभळ्या पटलातील प्रथिनाची रचना सुमारे ०.७ नॅनोमीटरपर्यंत उलगडली. या प्रथिनाचे स्फटिक इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने नष्ट होऊ नयेत म्हणून मारा इतका सौम्य ठेवावा लागला, की मिळालेल्या फिल्ममध्ये नुसत्या डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते. जे होते ते आकड्यांत होते, आणि हजारो एकसारख्या रेणूंच्या प्रतिमांची सरासरी काढल्यावरच ते प्रकट झाले. क्लुग यांना १९८२ साली व हेंडरसन यांना ज्याक दुबोशे आणि योआखिम फ्रँक यांच्यासह २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या परंपरेचा पूर्वार्ध सर्वस्वी फिल्मवर आहे.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. ज्या फिल्मवर डोळ्यांना काही दिसत नाही ती निरुपयोगी, असा समज अंकीकरण करणाऱ्या सामान्य सेवकाचा असणे स्वाभाविक आहे. परंतु तशाच फिल्मवर विज्ञानातील एक महत्त्वाचा शोध अवलंबून होता. यास्तव 'चांगले दिसणे' ही अंकीकरणाची कसोटी होऊ शकत नाही.

३

जुन्या फिल्मचे पुनर्वाचन खरोखरच होते काय, की हा केवळ संग्राहकाचा हव्यास आहे, असेही विचारता येईल. याचे उत्तर एका कृमीच्या इतिहासात सापडते. केंब्रिज येथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत सिडनी ब्रेनर यांच्या प्रेरणेने सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीचे अत्यंत पातळ काप क्रमवार कापून त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रे घेण्यात आली. जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट, निकल थॉमसन व ब्रेनर यांनी त्यावरून केलेला प्रबंध १९८६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सुमारे ३४० पृष्ठांत प्रसिद्ध झाला. उभयलिंगी कृमीच्या ३०२ चेतापेशी, त्यांचे ११८ वर्ग आणि त्यांच्यातील सुमारे ५००० रासायनिक संधी यांचा तो पहिला सविस्तर आराखडा होय.

हे काम एका प्राण्यावरून झालेले नाही. अनेक कृमींच्या कापांच्या मालिका जोडून ते सिद्ध झाले. चित्रांच्या मोठ्या प्रिंटवर प्रत्येक चेतातंतूचे नाव हाताने लिहून तो एका कापातून पुढच्या कापात ओळखत नेण्यात आला. पुढे हा संग्रह न्यूयॉर्क येथील अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात गेला, त्याचे अंकीकरण झाले, आणि २०१९ साली स्टीव्हन कुक, स्कॉट एमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नर व उभयलिंगी अशा दोन्ही कृमींचे संपूर्ण चेताजाल प्रसिद्ध केले. त्यात जुन्या चित्रांचे संगणकाच्या साहाय्याने नव्याने वाचन केलेले आहे. पहिल्या वाचनात मुख्यतः कोणती पेशी कोणास जोडलेली आहे हे पाहिले गेले. दुसऱ्यात संधी किती कापांतून पसरली आहे यावरून ती जोडणी किती बळकट आहे याचेही मापन झाले. प्राणी तेच, काप तेच, चित्रे तीच. प्रश्न मात्र नवा.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की मूळ साधन पहिल्या वाचकाच्या प्रश्नांपुरते मर्यादित नसते. तेव्हा आजच्या गरजेपुरते स्कॅन करून मूळ टाकून देणे म्हणजे उद्याच्या वाचकाचा प्रश्न आजच निकालात काढणे होय. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. येथे फिल्म आणि प्रिंट हे दोन वेगळे साक्षी आहेत. फिल्मवर घनतेचा पूर्ण विस्तार आहे. प्रिंटवर तो आक्रसलेला आहे, पण तिच्यावर पहिल्या वाचकांच्या हातच्या खुणा आहेत. केवळ फिल्म स्कॅन केली तर वाचनाचा इतिहास हरवतो. केवळ प्रिंट स्कॅन केली तर मापन हरवते. जुन्या पोथीची संहिता आणि तिच्या समासातील टिपा यांचा संबंध ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना हा पेच नवीन वाटणार नाही.

४

आता स्कॅनरकडे वळू. फ्लॅटबेड स्कॅनर हे यंत्र मुळात कागदपत्रांसाठी निर्माण झाले. काचेखालून प्रकाशसंवेदी घटकांची एक ओळ सरकत जाते. फिल्मसाठी झाकणात वेगळा दिवा असतो व प्रकाश फिल्ममधून खाली येतो. हे यंत्र स्वस्त आहे, सुटी फिल्म त्यावर सहज मावते, आणि म्हणूनच लहान प्रयोगशाळांचा व महाविद्यालयांचा तोच आधार आहे. फिल्मवरून फाइल होताना या यंत्रात निदान चार ठिकाणी संपादकीय स्वरूपाचा निर्णय घेतला जातो.

पहिला निर्णय किती बारकाईने वाचावयाचे याचा. दर इंची २४०० बिंदूंनी वाचले तर एक बिंदू १०.६ मायक्रॉनचा होतो. १२०० ने वाचले तर २१.२ मायक्रॉनचा. फिल्मवरील प्रतिमा ४०,००० पट वर्धित असेल तर १०.६ मायक्रॉन म्हणजे मूळ वस्तूतील ०.२६५ नॅनोमीटर; आणि कोणताही तपशील ओळखण्यास निदान दोन बिंदू लागत असल्याने वाचनाची सीमा ०.५३ नॅनोमीटर. ०.३५ नॅनोमीटरचा तपशील हवा असेल तर हे वाचन अपुरे आहे. त्यास ७ मायक्रॉनचा बिंदू तरी हवा, आणि व्यवहारात त्याहूनही लहान. उलट १०,००० पट वर्धनाच्या पेशीच्या चित्रात तोच १०.६ मायक्रॉनचा बिंदू सुमारे १ नॅनोमीटरचा होतो, व साताठ नॅनोमीटर जाडीचे पेशीपटल त्यात स्पष्ट उमटते. तात्पर्य, किती बारकाई पुरेशी हे यंत्रावरून ठरत नाही. विचारलेल्या प्रश्नावरून ठरते.

दुसरा निर्णय काळेपणाच्या पायऱ्यांचा. आठ बिटांच्या फाइलमध्ये २५६ पायऱ्या असतात. प्रकाशाचे प्रमाण जसेच्या तसे नोंदले तर घनता १.९ असलेल्या जागेस ३ आणि घनता २.१ असलेल्या जागेस २ हा आकडा मिळतो. त्यांच्यामध्ये जे काही होते ते नाहीसे होते, आणि घनता ३ तर शून्यातच जाते. सोळा बिटांच्या फाइलमध्ये याच दोन जागांना सुमारे ८२५ व ५२१ हे आकडे मिळतात, म्हणजे त्यांच्यात तीनशे पायऱ्यांचे अंतर राहते. फाइलचा आकार दुप्पट होतो एवढाच त्याचा खर्च. सव्वातीन बाय चार इंचांची फिल्म २४०० बिंदूंनी सोळा बिटांत उतरविली तर ती सुमारे दीडशे मेगाबाइट भरते. आजच्या साठवणीच्या मानाने हा भार जड नाही.

तिसरा निर्णय 'सुधारणे'चा, आणि तो सर्वांत घातक आहे, कारण तो बहुधा कोणी घेतलेलाच नसतो. यंत्राबरोबर आलेली आज्ञावली चित्र आपोआप उजळ करते, कडा धारदार करते, पडलेली धूळ काढते. प्रवासाच्या छायाचित्रांना हे उपकारक असेल. मापनाच्या फिल्मला नाही. प्रत्येक फिल्मचा सर्वांत काळा व सर्वांत पांढरा बिंदू वेगळा ठरविला गेला, की दोन फिल्मची तुलना संपली. अवरक्त किरणांनी धूळ ओळखण्याची सोय तर येथे सर्वस्वी गैरलागू आहे. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण पार जातात व धुळीशी अडतात, या भेदावर ती आधारलेली आहे. काळ्यापांढऱ्या फिल्ममधील चांदीही हे किरण अडविते. त्यामुळे यंत्र प्रतिमेलाच धूळ समजून तिच्या जागी स्वतःची कल्पना भरते. लेखनिकाने न समजलेला शब्द गाळून त्या जागी ओळखीचा शब्द घालावा, तसाच हा प्रकार होय.

चौथा निर्णय मांडणीचा. इमल्शनची बाजू काचेकडे ठेवली की वर, यावर प्रतिमा सुलट की आरशातील हे ठरते. मळसूत्री रचना उजवी की डावी हा जीवशास्त्रात गौण प्रश्न नव्हे. धातूची छाया दिलेल्या नमुन्यात अथवा नमुना तिरका करून घेतलेल्या चित्रमालिकेत, फिल्म उलटी ठेवली गेल्याने उजव्याचे डावे होऊ शकते, आणि फाइल पाहून तो दोष कळत नाही. यात भर म्हणजे, संवेदकांच्या ओळीच्या दिशेने मिळणारे माप आणि ओळ सरकण्याच्या दिशेने मिळणारे माप तंतोतंत सारखे असेलच असे नाही. फिल्म काचेस टेकली तर न्यूटनची वलये उमटतात. आणि ती काचेपासून योग्य उंचीवर नसली तर तपशील पुसट होतो.

५

या विषयात दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे, की फ्लॅटबेड स्कॅनर हे शास्त्रीय उपकरणच नव्हे. फिल्म उतरवावयाची तर ती ड्रम स्कॅनरवर किंवा सूक्ष्मघनतामापकावर, नाहीतर उतरवूच नये. दुसरे मत असे, की माहितीपत्रकात ६४०० बिंदू आणि घनता ४ असे आकडे छापलेले आहेत, तेव्हा हे यंत्र सर्व कामांस पुरेसे आहे.

दुसऱ्या मताचा पाया शब्दांच्या गोंधळावर आहे. प्रयोगशाळेतील बोलीत 'रिझोल्यूशन' हा एकच शब्द तीन गोष्टींना लावला जातो : यंत्र दर इंची किती बिंदू नोंदते, किती बारीक रेषा ते खरोखर वेगळ्या दाखवू शकते, आणि मूळ वस्तूतील किती सूक्ष्म तपशील चित्रात आहे. एप्सन कंपनीच्या २००६ सालच्या पर्फेक्शन व्ही७०० या यंत्राच्या माहितीपत्रकात ६४०० हा आकडा होता. स्वतंत्र चाचण्यांत त्याची प्रत्यक्ष भेदनक्षमता सुमारे २३०० ते २४०० बिंदूंच्या आसपास भरली. यात माहितीपत्रक खोटे नाही. ते पहिल्या अर्थाने बोलते आणि वाचक दुसऱ्या अर्थाने ऐकतो. परिभाषेतील हा सैलपणा निव्वळ भाषिक दोष राहत नाही. ६४०० बिंदूंची फाइल आहे म्हणून फिल्म टाकून देणाऱ्याने त्या सैलपणापायी मूळ साधन गमावलेले असते.

पहिले मतही तपासून पाहिले असता टिकत नाही. सर्वोत्तम यंत्राची वाट पाहत फिल्म कपाटात ठेवणे हे वरकरणी कठोर शास्त्रनिष्ठेचे लक्षण वाटते. परंतु अशा कपाटातील फिल्मचे धनी निवृत्त होतात, कोणत्या फिल्मवर कोणता नमुना आहे हे सांगणाऱ्या वह्या गहाळ होतात, खोल्या दुसऱ्या विभागाकडे जातात. पॉलिएस्टरचा पाया दीर्घकाळ टिकतो. धुण्यात कसूर राहिलेल्या फिल्मवरील चांदी मात्र डागाळते. शिवाय वर दाखविल्याप्रमाणे पेशींच्या रचनेच्या बहुतेक चित्रांना फ्लॅटबेड पुरतो. जेथे तो पुरत नाही तेथेही त्याने काढलेली प्रत सूचीचे काम करते व कोणती फिल्म उत्तम यंत्राकडे न्यावी हे सांगते. दोन्ही मतांचा समान दोष हा, की ती यंत्राची प्रत ठरवू पाहतात. ठरवावयाची असते ती वाचनाची प्रत.

६

पाठचिकित्सेची पद्धती येथे उपयोगी पडते ती याच कारणाने. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य मराठी वाचकांस परिचित आहे. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली. स्वीकृत संहिता हे त्या आवृत्तीचे मोठे फळ खरे; परंतु तिची खरी विश्वसनीयता खालच्या पाठभेदांच्या नोंदीत आहे. संपादकाने काय निवडले याबरोबरच काय नाकारले हेही वाचकापुढे असते. त्यामुळे संपादकाशी मतभेद असणाऱ्यालाही त्या आवृत्तीचा उपयोग होतो.

हे साम्य मर्यादेबाहेर ताणणे इष्ट नाही. महाभारताचा मूळ पाठ उपलब्ध नाही. तो अनेक प्रतींवरून अनुमानाने गाठावा लागतो. फिल्म ही उपलब्ध मूळ वस्तू आहे. शंका आली तर तिच्याकडे परत जाता येते. पोथीच्या लेखनिकाने चूक का केली याचा तर्क करावा लागतो. यंत्राची चूक नियमबद्ध असते व म्हणून मोजता येते. परंतु या दोन्ही भेदांमुळे अंकीकरण करणाऱ्याची जबाबदारी कमी न होता वाढते. जी सोय पोथ्यांच्या संपादकास कधीच नव्हती, ती येथे हाताशी असून वापरली जात नाही.

ती सोय अगदी साधी आहे. क्रमाने वाढत्या घनतेच्या पायऱ्या असलेली प्रमाणपट्टी बाजारात मिळते. २१ पायऱ्यांच्या पट्टीत प्रत्येक पायरी ०.१५ घनतेने चढत सुमारे ३.०५ पर्यंत जाते. ही पट्टी त्याच मांडणीने स्कॅन करून ठेवली, की यंत्राचा कोणता आकडा म्हणजे किती घनता हे कायमचे कळते, आणि यंत्र कोणत्या पायरीपुढे आंधळे होते हेही कळते. ज्ञात अंतराच्या रेषा असलेली काचपट्टी दोन्ही दिशांनी स्कॅन केली, की लांबीरुंदीच्या मापातील फरक कळतो. सूक्ष्मदर्शकाच्या वर्धनाची खात्री करण्यासाठी जुन्या संशोधकांनी तंबाखूच्या केवडा रोगाच्या विषाणूसारखे नमुने फिल्मवर घेऊन ठेवलेले असतात. त्याच्या मळसूत्राचा एक फेरा २.३ नॅनोमीटरचा आहे हे ठाऊक असल्याने तीच फिल्म मापदंड होते. अशा फिल्म 'प्रयोगाच्या नव्हेत' म्हणून वगळल्या जातात, हे अनेक संग्रहांतील वैगुण्य आहे.

यांच्या जोडीस प्रत्येक फाइलसोबत पुढील नोंद हवी : यंत्र व आज्ञावली यांचे नाव, बिंदूंची संख्या, बिटांची संख्या, आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात आहेत की रूपांतरित, इमल्शनची बाजू, आपोआप होणाऱ्या सर्व सुधारणा बंद होत्या काय, आणि फिल्मच्या कडेवरील क्रमांक. फिल्मची कडही स्कॅन व्हावी. क्रमांक, वर्धन व दिनांक बहुधा तेथेच असतात, आणि चित्र नीटनेटके दिसावे म्हणून नेमकी तीच कापली जाते. पहिली फाइल कधीही बदलू नये. उजळ करणे, उलटविणे, घनतेत रूपांतर करणे हे सर्व दुसऱ्या फाइलवर व्हावे आणि त्याचे टिपण राहावे.

७

एवढी नोंद ठेवणे व्यवहारात अवघड आहे, असे म्हणण्यात येईल. परंतु नोंद एका फिल्मची नसून एका मांडणीची असते. एकदा ठरविलेली मांडणी शेकडो फिल्मना लागू पडते. अवघड आहे ती गोष्ट निराळीच. अंकीकरण हे हमालीचे काम असून ते कोणाही नवख्यावर सोपवावे, ही समजूत बदलणे अवघड आहे. कोणे एके काळी पोथ्या उतरून घेण्याच्या कामाकडेही असेच पाहिले जात असे, आणि त्याची किंमत पुढील पिढ्यांच्या संपादकांनी मोजली.

फ्लॅटबेड स्कॅनरने काढलेली प्रतिमा उपयुक्त आहे, पुष्कळ वेळा पुरेशीही आहे. परंतु ती कशी वाचली गेली हे सांगणारी नोंद तिच्याजवळ नसेल, तर ती चित्र म्हणून राहील, पुरावा म्हणून नव्हे. आणि नोंद असली तरी मूळ फिल्म टाकून देण्याचा अधिकार तीमुळे प्राप्त होत नाही. केंब्रिजच्या संग्रहातील चित्रे १९८६ साली त्यांचे काम झाले म्हणून नष्ट केली गेली असती, तर २०१९ सालचे वाचन संभवले नसते. एका वाचनाने मूळ साधन संपत नाही, हे पाठचिकित्सेने फार पूर्वी ओळखले. प्रयोगशाळेतील कपाटांच्या बाबतीतही तोच नियम लागू केला पाहिजे.